कांचेवरच्या पट्टीची हकीकत

कांहीं वर्षांपूर्वीं आषाढांतल्या एका सायंकाळीं बोरघाट उतरण्याचा प्रसंग मजवर आला. मोटार भाड्याची होती. चालक वयानें पोक्त, हातानें स्थिर आणि बोलण्यांत मोजका असा गृहस्थ होता. आणि खंडाळ्यापर्यंतचा प्रवास सुखाचा झाला. खंडाळा मागें टाकतांच धुकें आणि पाऊस या दोघांनीं मिळून आम्हांस गांठलें, आणि नेमक्या त्याच वेळीं चालकाच्या समोरील वायपरची रबराची पट्टी आपल्या खोबणींतून अर्धीअधिक निसटून बाहेर लोंबूं लागली. प्रत्येक फेऱ्यास ती चाबकासारखी कांचेवर आपटे, आणि तिच्या मागचें उघडें पडलेलें लोखंड कर्र आवाज करीत कांचेवर ओरखडा ओढी. समोरचा रस्ता, दरीकडचा कठडा, पुढच्या मालमोटारीचा तांबडा दिवा, सारें एका करड्या रंगांत विरघळून गेलें. चालकानें गाडी डोंगराच्या बाजूस घेऊन उभी केली, खालीं उतरून पट्टी उपटून काढली, आणि खिशांतल्या पुडींतून चिमूटभर तंबाखू घेऊन ती ओल्या कांचेवर गोल गोल चोळली. पाण्याचे थेंब फुटून त्यांचा एक पातळ, सारखा पडदा झाला, आणि त्या पडद्यांतून रस्ता अंधुक कां होईना, पण दिसूं लागला. "खोपोलीपर्यंत पुरेल, साहेब," तो म्हणाला. पट्टी केव्हां बसविलेली, असें मीं विचारलें. "गाडीबरोबरच आलेली आहे," तो किंचित् अभिमानानें उत्तरला. गाडी सात वर्षांची होती.

खोपोलीस नवी पट्टी मिळाली. एका माणसाच्या साध्या जेवणास पडतील तेवढेच पैसे तिला पडले. जुनी पट्टी मीं मागून घेतली व ती अजून माझ्या मेजावर आहे. त्या दिवसानंतर मनांत घोळत राहिलें तें हें कीं, चार माणसांचे प्राण ज्या वस्तूवर अर्धा तास लोंबत होते, ती वस्तु सात वर्षांत कोणासही विचार करण्याजोगी वाटली नव्हती. पुढें या पट्टीविषयीं मिळेल तेथून वाचूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, ही उपेक्षा आमच्या चालकानें कांहीं नव्यानें सुरू केलेली नव्हे. ती या वस्तूच्या जन्मापासून तिच्या मागें लागलेली आहे.

घोड्याच्या गाडीला समोर कांच नसे, आणि तिची गरजही नसे. घोड्याला स्वतःचे डोळे असतात. टांगेवाला पावसांत डोक्यावर पोतें घेऊन पेंगत बसला तरी जनावर ओळखीची वाट सोडीत नाहीं. मोटार निघाली तेव्हां हे दोन डोळे गेले, आणि त्यांचें काम एकट्या माणसावर आलें. तथापि पहिल्या मोटारींनाही बहुधा पुढची कांच नव्हती. चालक डोळ्यांस मोठा चष्मा लावी, अंगांत जाड कोट घाली आणि ऊन, पाऊस, धूळ सारें सोशी. कांचेच्या आड उभें राहून वाहन हांकण्याची पाळी त्याच्या आधीं आली ती ट्राम आणि आगगाडी यांच्या चालकांवर. म्हणून वायपरचा उगम मोटारींत शोधणारा मनुष्य चुकीच्या घरीं चौकशी करतो. ही वस्तु ट्रामगाडींत जन्मली.

अमेरिकेच्या दक्षिणेस आलाबामा संस्थान आहे. तेथें १८६६ सालीं मेरी अँडरसन नांवाची मुलगी जन्मास आली. तिचें शिक्षण यंत्रविद्येचें नव्हतें. बर्मिंगहॅम शहरांत तिच्या कुटुंबाची भाड्यानें देण्याची इमारत होती. मध्यंतरीं कांहीं वर्षें तिनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो येथें गुरांचा आणि द्राक्षांचा मळाही चालविला. म्हणजे ती व्यवहार जाणणारी, हिशेब पाहणारी बाई होती, एवढें आपण खुशाल धरून चालावें. १९०२-०३ च्या हिवाळ्यांत ती न्यूयॉर्क शहर पाहावयास गेली असतां, हिमवृष्टि चालू असलेल्या एका दिवशीं ट्राममध्यें बसली होती. ट्रामच्या चालकास बर्फानें माखलेल्या कांचेंतून कांहीं दिसेना. तेव्हां तो कांचेचें तावदान उघडून गार वाऱ्यांत तोंड बाहेर काढी, किंवा कांच पुसण्यासाठीं गाडी थांबवी. सर्व उतारू कुडकुडत बसून राहात. न्यूयॉर्कच्या लोकांच्या हें अंगवळणीं पडलें होतें. बर्फ पडला म्हणजे असें व्हावयाचेंच. दक्षिणेच्या उबदार प्रांतांतून आलेल्या या पाहुणीला मात्र तें विचित्र वाटलें. मला या कथेंतील हाच भाग सर्वांत उद्बोधक वाटतो. ज्या गैरसोयींत आपण वाढलों ती आपल्याला गैरसोय म्हणून दिसतच नाहीं. ती दिसण्यास बाहेरगांवचा डोळा लागतो.

घरीं परतल्यावर तिनें आराखडा काढला, एका कारागिराकडून नमुना करवून घेतला, १८ जून १९०३ रोजीं एकस्वासाठीं अर्ज केला, आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजीं तिला ७४३८०१ या क्रमांकाचें एकस्व मिळालें. यंत्र अगदीं साधें होतें. गाडीच्या आंत एक मूठ. ती फिरविली कीं बाहेर कांचेवर एक दांडा हाले. दांड्यास रबराची पट्टी. आणि ती पट्टी कांचेवर सारखी दाबलेली राहावी म्हणून एक प्रतिभार. आकाश निवळलें म्हणजे सर्व सरंजाम काढून ठेवतां यावा, अशीही सोय होती. हलणारा दांडा, रबराची धार आणि कांचेवर सारखा दाब, ही वायपरचीं तीन अंगें आजही तींच आहेत. त्या प्रतिभाराच्या जागीं आतां स्प्रिंग आली, मुठीच्या जागीं विजेचें मोटर आलें. पण आजची मोटार मेरी अँडरसनच्या समोर उभी केली असती तर वायपर कोणता हें तिला सांगावें लागलें नसतें.

१९०५ सालीं तिनें आपलें एकस्व मॉन्ट्रियल येथील एका कंपनीस विकावयास काढलें. कंपनीनें उत्तर धाडलें, त्याचा मथितार्थ असा कीं, विक्रीस योग्य ठरेल इतकें व्यापारी मूल्य या वस्तूंत आम्हांस दिसत नाहीं. १९२० सालीं एकस्वाची सतरा वर्षांची मुदत संपली. बाईंना त्यापासून कांहीं द्रव्यप्राप्ति झाली नाहीं. त्या १९५३ पर्यंत, म्हणजे ८७ वर्षांच्या वयापर्यंत, जगल्या. रस्त्यावरची प्रत्येक मोटार आपल्या कल्पनेचा हात हालवीत जातांना त्यांनीं पाहिली. आणि अमेरिकेच्या शोधकांच्या राष्ट्रीय सन्मानगृहांत त्यांचें नांव २०११ सालीं घातलें गेलें.

ही कथा सांगतांना पुष्कळ लेखक त्या कंपनीस मूर्ख ठरवून, स्त्रीच्या बुद्धीची किंमत पुरुषांना कळली नाहीं असा निकाल देऊन मोकळे होतात. त्या निकालांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. स्त्रीनें धाडलेलें पत्र त्या काळीं कोणत्या नजरेनें उघडलें जाई हें सांगावयास नको. परंतु न्यायबुद्धीनें दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९०५ मध्यें मोटारी होत्या किती? आणि ज्या होत्या त्यांतल्या किती जणींना समोर कांच होती? हेन्री फोर्डची प्रसिद्ध स्वस्त मोटार १९०८ मध्यें आली. बंदिस्त मोटारींची संख्या उघड्या मोटारींहून वाढावयास आणखी पंधरा-सोळा वर्षें जावीं लागलीं. कंपनीची चूक झाली ती आजची विक्री मोजण्यांत नव्हे, उद्यांचा पाऊस न मोजण्यांत झाली. पेरणी मृगापूर्वीं झाली होती. पीक येण्याच्या सुमारास शेतावरचा हक्क संपला.

त्याच सुमारास इतरांनाही हीच गोष्ट सुचत होती. जेम्स हेन्री अ‍ॅपजॉन या आयरिश गृहस्थानें त्याच १९०३ सालीं गाडीच्या कांचा साफ करण्याच्या युक्तीचें ब्रिटिश एकस्व मिळविलें. जर्मन सम्राटाचा धाकटा भाऊ प्रिन्स हाइनरिख हा मोटारींचा मोठा षोकी होता. त्यानें १९०८ सालीं हातानें चालविण्याच्या वायपरचें जर्मन एकस्व घेतलें. त्याच वर्षीं इंग्लंडांत ग्लॅडस्टन अ‍ॅडम्स नांवाचा एक छायाचित्रकार आपल्या दारॅक मोटारींतून न्यूकॅसलहून लंडनास फुटबॉलचा अंतिम सामना पाहावयास गेला. सामन्यांत न्यूकॅसलचा वुल्व्हरहॅम्टनकडून पराभव झाला, आणि त्या दुःखांत भर म्हणून परतीच्या वाटेवर, एप्रिल महिन्याच्या अखेरीस, बर्फ पडूं लागला. कांच पुसण्यासाठीं त्याला पुनःपुन्हां थांबावें लागलें. १९११ सालीं त्यानें आपल्या वायपरच्या आराखड्याचें एकस्व नोंदविलें. त्याचा नमुना न्यूकॅसलच्या संग्रहालयांत आहे. आलाबामाची बाई, आयर्लंडचा गृहस्थ, प्रशियाचा राजपुत्र, न्यूकॅसलचा छायाचित्रकार: यांपैकीं खरा जनक कोण, असा वाद पुढें माजला, आणि प्रत्येक देश आपापल्या माणसाचें नांव पुढें करतो. मला या वादांत फारसा रस नाहीं. एकाच पावसांत भिजलेल्या चार माणसांना छत्री सुचावी यांत नवल तें काय? त्यांपैकीं एकाच्याही आराखड्यावरून कारखाना उभा राहिला नाहीं, ही गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे.

कारखाना उभा राहिला तो एका अपघातानंतर. न्यूयॉर्क संस्थानांत बफेलो नांवाचें शहर आहे. तेथें जॉन ऑइशाय हा एका नाट्यगृहाचा व्यवस्थापक होता. १९१६ सालीं पावसाळी रात्रीं मोटार हांकीत असतां, पाण्यानें माखलेल्या कांचेंतून न दिसलेल्या एका सायकलस्वारास त्याच्या मोटारीचा धक्का लागला. सायकलस्वार सुदैवानें बचावला. पण ऑइशायच्या मनाला लागलेला धक्का बुजला नाहीं. त्यानें शोध करतां त्याच शहरांत 'रेन रबर' नांवाची हातानें चालविण्याची एक पुसणी मिळाली. त्या वेळच्या मोटारीची समोरची कांच वरची आणि खालची अशा दोन तावदानांची असे, व त्यांच्यामधील फटींतून ही पुसणी आडवी सरकविली जाई. ऑइशायनें १९१७ सालीं ती विकण्यासाठीं कंपनी काढली. तीच पुढें 'ट्रायको' या नांवानें जगप्रसिद्ध झाली. बारा वर्षांपूर्वीं ज्या वस्तूंत व्यापारी मूल्य नव्हतें तींतून एका शहराचा मोठा उद्योग निघाला. मधल्या काळांत वस्तु बदलली नव्हती, रस्ता बदलला होता. आणि आणखी एक फरक असा कीं, या मनुष्यानें रस्त्यावर पडलेला सायकलस्वार स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला होता.

तथापि एका हातानें चक्र, दुसऱ्या हातानें पुसणी, ही कसरत फार दिवस चालण्यासारखी नव्हती. १९१७ सालीं शार्लट ब्रिजवुड या बाईनें विजेवर चालणाऱ्या, रुळांच्या योगानें कांच पुसणाऱ्या यंत्राचा आराखडा एकस्वासाठीं पुढें केला. तोही बाजारांत टिकला नाहीं. टिकली ती क्लीव्हलंडच्या फोल्बर्थ बंधूंची युक्ति. मोटारीचें एंजिन चालतांना हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढून घेतें. त्या ओढीचा एक फांटा रबरी नळीनें काढून त्यावर वायपर हालवावा, अशी ती कल्पना होती. निराळी वीज नको, निराळें यंत्र नको, आणि किंमत अल्प. साऱ्या अमेरिकन मोटारींवर ही पद्धति पसरली व कांहींवर तर १९७० च्या पुढेंही टिकून राहिली.

तिच्यांत एक विलक्षण दोष होता. एंजिनावर भार पडला, पेट्रोलची कळ पूर्ण दाबली, कीं ही ओढ मंदावते. म्हणजे मोटार सपाटीवर संथ चालली असतां वायपर उत्साहानें नाचे, आणि चढ लागला किंवा पुढच्या गाडीला ओलांडण्याची घाई झाली, म्हणजे जेव्हां दृष्टीची खरी गरज, तेव्हां तो रेंगाळे आणि कधीं कधीं मध्येंच उभा राही. १९२८ पासून मुंबईस शिवडीच्या कारखान्यांत जनरल मोटर्सच्या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. त्या पिढीची गाडी घेऊन श्रावणाच्या सरींत घाट चढणाराला काय करावें लागत असेल? कळीवरचा पाय क्षणभर उचलावयाचा, वायपरला एक फेरा घेऊं द्यावयाचा, आणि दिसला तेवढा रस्ता मनांत धरून पुन्हां कळ दाबावयाची. युरोपांत बॉश कंपनीनें १९२६ सालीं विजेचा वायपर विक्रीस आणला, आणि अखेर तीच पद्धति सर्वत्र रूढ झाली. स्वस्त वस्तु वाईट असूनही पन्नास वर्षें टिकते, याचें याहून चांगलें उदाहरण यंत्रांच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींच्या कांचा सपाट न राहतां वक्र होऊं लागल्या, आणि सरळ पट्टी वक्र कांचेवर सारखी टेकेना. तेव्हां पट्टीच्या पाठीवर लहान-मोठ्या कमानींचा सांगाडा आला. दांड्याचा एकच दाब तो सहा-आठ ठिकाणीं वांटून देतो. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या सांगाड्याऐवजीं आंत पोलादाची एकच वांकविलेली पाती असलेली चपटी पट्टी निघाली. आज बाजारांत हे दोन्ही प्रकार, आणि दोहोंचा मिलाफ केलेला तिसरा, असे मिळतात.

आतां ज्या माणसाशिवाय ही हकीकत अपुरी राहील त्याच्याकडे वळतों. रॉबर्ट कर्न्स हा अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांतला अभियंता व अध्यापक. १९५३ सालीं, लग्नाच्या रात्रीं, शँपेनच्या बाटलीचें बूच उडून त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलें, आणि त्या डोळ्याची दृष्टि जवळजवळ गेली. दहा वर्षांनीं, १९६३ मध्यें, रिमझिम पावसांत तो आपली फोर्ड गाडी हांकीत होता. त्या काळीं वायपरला एक-दोन ठराविक गति असत. झिमझिम पावसांत तो कोरड्या कांचेवर सारखा घांसत राही, आणि त्या अखंड हालचालीचा कर्न्सच्या अधू दृष्टीला फार त्रास होई. त्याच्या मनांत आलें कीं, डोळ्याची पापणी अशी सारखी फडफडत नाहीं. ती मिटते, उघडते आणि मग थांबते. वायपर तसा कां थांबूं नये?

घराच्या तळघरांत त्यानें तें यंत्र जुळविलें. विजेचा प्रवाह हळूहळू सांठविणारा संधारक, तो किती वेगानें भरावा हें ठरविणारा रोधक, आणि तो भरतांच मोटरला इशारा देणारा ट्रान्झिस्टर, एवढीच सामग्री. रोधक कमीजास्त केला कीं दोन फेऱ्यांमधला विसावा कमीजास्त होई. १९६४ च्या डिसेंबरांत त्यानें एकस्वासाठीं अर्ज केला व १९६७ सालीं तें मिळालें. फोर्ड कंपनीच्या अभियंत्यांनीं त्याचें यंत्र पाहिलें, चाचण्यांच्या अटी सांगितल्या, आशा दाखविली, आणि पुढें संबंध तोडला. १९६९ पासून कंपनीच्या गाड्यांवर थांबून थांबून चालणारा वायपर दिसूं लागला. कर्न्स यानें एक वायपर उघडून पाहिला, तेव्हां आंत त्याला आपलीच रचना आढळली.

या प्रसंगानें तो मनानें खचला. कांहीं काळ त्याला इस्पितळांत राहावें लागलें. पुढें संसारही मोडला. १९७८ मध्यें त्यानें फोर्डवर आणि १९८२ मध्यें क्रायस्लरवर दावा लाविला. कंपन्यांचा युक्तिवाद असा होता कीं, यांत नवें कांहींच नाहीं. रोधक, संधारक आणि ट्रान्झिस्टर बाजारांत पूर्वींपासून होते. या युक्तिवादाला आपल्याकडची कोणतीही गृहिणी उत्तर देऊं शकेल. पीठ, पाणी आणि विस्तव हीं तिन्ही जगांत आधींपासून आहेत, म्हणून भाकरी कोणींच शोधली नाहीं असें होत नाहीं. १९९० सालीं ज्यूरीनें फोर्डनें एकस्वाचा भंग केल्याचें ठरविलें, मात्र तो जाणूनबुजून केलेला नव्हे असेंही म्हटलें. तो दावा एक कोटी दोन लक्ष डॉलरांवर तुटला. क्रायस्लरविरुद्धचा खटला त्यानें बराचसा स्वतःच चालविला, १९९२ सालीं तो जिंकला, आणि व्याजासकट सुमारें तीन कोटी डॉलर मिळविले. इतर कंपन्यांवरील दावे कागदपत्रें मुदतींत न दिल्यामुळें निकालांत निघाले. २००५ सालीं तो वारला.

कर्न्सविषयीं माझें मन एकसारखें राहात नाहीं. हा मनुष्य शूर होता, यांत शंका नाहीं. पण त्याला पैसा नको होता. आपलें यंत्र आपल्याच कारखान्यांत बनविण्याचा हक्क त्याला हवा होता, आणि तो कोणत्याही न्यायालयास परत देतां आला नाहीं, कारण एकस्वाची मुदत खटल्यांतच सरली. मेरी अँडरसनची मुदत कोणी विकत घेईना म्हणून संपली. कर्न्सची मुदत, सर्वांनीं न विचारतां घेतली म्हणून संपली. दोघांच्या बाबतींत मोठ्या लोकांचा समज एकच होता, कीं एवढ्याशा वस्तूला असें मोल तें काय असणार!

तोच समज आपल्या घरच्या गाडीपर्यंत येऊन पोंचला आहे. आपल्या देशांत १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं चालकापुढील कांचेला शक्तीवर चालणारा वायपर असलाच पाहिजे असें ठरविलें आहे. परंतु रबर जिवंत आहे कीं मेलें आहे हें नियमानें कळत नाहीं, त्यासाठीं बोट लावून पाहावें लागतें. माझ्या मेजावरील पट्टीकडे पाहा. कांचेला टेकणारी तिची धार एका मिलिमीटराहूनही अरुंद आहे. ही धार मऊ आणि लवचीक असेल तर दांडा उजवीकडे जातांना ती डावीकडे कलते, आणि दांडा परत फिरतांच उलटून दुसऱ्या कुशीवर होते. म्हणजे पट्टी कांचेवरून नेहमीं मागें ओढली जाते, पुढें ढकलली जात नाहीं. या पट्टीची धार कडक होऊन एकाच कुशीवर मोडली आहे. असें झालें कीं परतीच्या फेऱ्यांत ती कांचेला अडखळते, थरथरते आणि कुरकुरते. ती कुरकुर आपण चार पावसाळे ऐकून घेतों आणि गाडीचा स्वभाव समजतों.

पट्टीचा नाश पाऊस करतो असा सार्वत्रिक समज आहे. निदान आमच्या महाराष्ट्रांत तरी तो खोटा आहे. पट्टी मरते ती कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतच्या कोरड्या आठ महिन्यांत. ऊन, हवेंतील ओझोन वायु आणि तापलेली कांच यांनीं रबर वाळून तडकतें, आणि कांचेवरची धूळ पुसण्यासाठीं आपण कोरडाच वायपर चालवितों तेव्हां ती धूळ कानशीसारखी धारेला खाते. पावसाळा तिला मारीत नाहीं. ती मेल्याचें उघडकीस आणतो, आणि तेंही नेमकें घाटांत. यास्तव कोरड्या कांचेवर वायपर चालवूं नये. आधीं पाणी उडवावें. आठवड्यांतून एकदां ओल्या फडक्यानें पट्टीची धार पुसावी. फडक्यावर काळें निघतें तें सारें नाहींतर कांचेवर गेलें असतें. पेट्रोल किंवा रॉकेल रबराला लावूं नये. तें फुगून सैल पडतें. उन्हांत गाडी ठेवावयाची तर ती सांवलींत ठेवावी, एवढें साधलें तरी पुष्कळ.

दोष ओळखण्याचेंही एक साधें शास्त्र आहे. कांचेवर बारीक सरळ रेघ उरत असेल तर धारेला खांच पडली आहे किंवा तींत कण अडकला आहे. प्रथम पुसून पाहावी. पट्टीच्या मधला भाग कोराच राहत असेल, किंवा वेगांत पट्टी कांचेवरून उचलली जात असेल, तर रबराला दोष न देतां दांड्याची स्प्रिंग पाहावी. कांचेवर धुरकट पडदा राहून समोरच्या दिव्यांचे कुंचले दिसत असतील, तर बहुधा पट्टी निर्दोष असते आणि कांच मेणचट असते. ती साबणाच्या पाण्यानें स्वच्छ धुवावी. गॅरेजमधील मिस्त्री यांपैकीं कशासही पट्टी बदलण्याचेंच औषध देतो. त्याचेंही बरोबर आहे, त्याला वेळ नसतो.

नवी पट्टी घेतांना अंदाजानें घेऊं नये, जुनी मोजून घ्यावी. चालकाच्या बाजूची आणि शेजारची या दोहोंची लांबी पुष्कळदां निराळी असते. अधिक लांब पट्टी अधिक पुसते असें समजून घेतलेली पट्टी कांचेच्या कडेवर किंवा दुसऱ्या दांड्यावर आपटते. दांड्याच्या टोंकाची अडकण्याची तऱ्हाही जुळली पाहिजे. चपट्या पट्टीला पैसे जास्त पडतात. ती वेगांत चांगली टेकते आणि तिच्यांत धूळ कमी अडकते. पण माझ्यासारख्या मध्यम वेगानें जाणाऱ्या माणसाला साधी सांगाड्याची पट्टी दरवर्षीं नवी घेणें अधिक सोयीचें वाटतें. महाग पट्टी तीन वर्षें वापरण्यापेक्षां स्वस्त पट्टी प्रतिवर्षीं बदलावी, हें माझें मत कित्येकांना पटत नाहीं. त्यांच्याशीं मी आषाढांत बोलेन. बदलतांना एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. पट्टी काढल्यावर उघडा दांडा हातांतून सुटला तर स्प्रिंगच्या जोरानें तो कांचेवर असा बसतो कीं कांच तडकते. म्हणून आधीं कांचेवर जाड फडकें किंवा टॉवेलाची घडी ठेवावी, मगच दांडा उचलावा.

पूर्वीं मृग जवळ आला म्हणजे घरोघरीं कौलें चाळीत, छत्र्यांच्या काड्या बसवून घेत, सरपण आणि पापड-कुरडया आंत भरीत. आमच्या घरीं आतां कौलेंही नाहींत आणि सरपणही नाहीं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारीं मी टॉवेलाची घडी घेऊन खालीं उतरतों, आणि माझी नात मागून पाण्याचा तांब्या घेऊन येते. पट्टी बसल्यावर कांचेवर पाणी ओतण्याचा मान तिचा आहे. गेल्या वर्षीं तिनें पाणी ओतलें, वायपर दोन वेळां फिरला, आणि कांचेच्या मध्यावर एक बारीक रेघ उरली. पट्टी नवीच होती. धारेवरून बोट फिरवून पाहिलें, तों तीवर कारखान्यांतूनच आलेलें वेष्टणाच्या प्लॅस्टिकचें कुसळ होतें. तें काढलें, आणि तिनें दुसरा तांब्या ओतला.